हॉटनचे दहा मीटर

३० मे १९७९, म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, युरोपियन कपचा अंतिम सामना. पहिला हाफ संपता संपता नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या जॉन रॉबर्टसनला डाव्या टचलाइनजवळ चेंडू मिळतो. तो दोघांना चुकवतो आणि क्रॉस मारतो. चेंडू समोरच्या माल्मो या स्वीडिश क्लबच्या गोलरक्षकाच्या आवाक्याबाहेरून पलीकडे जातो, दूरच्या खांबापाशी ट्रेव्हर फ्रान्सिस धावत येतो, डोकं लावतो. १-०. सामना तिथेच संपला म्हणायला हरकत नाही, उरलेला वेळ नुसता खेळून काढला गेला. हा गोल बघताना लोक फ्रान्सिसकडे बघतात, आणि ते साहजिकच आहे. दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू, युरोपातला त्याचा पहिलाच सामना, आणि त्यातच गोल. मला मात्र दर वेळी माल्मोची बचावफळी दिसते. चेंडूच्या बाजूला सरकलेली, एकमेकांना धरून असलेली. वेंधळा असा कुणीच नाही. जे पाच वर्षं घोटून घेतलं होतं तेच ते करताहेत, आणि गोल नेमका तिथूनच जातो जी जागा त्यांना सोडून द्यायला शिकवलेली आहे. हे खटकतं.

शिकवणारा होता बॉब हॉटन, वय ३१. आपल्याकडे हे नाव आठवतं ते २००६ ते २०११ या काळातला भारताचा कोच म्हणून. पिकलेल्या केसांचा, पत्रकारांशी फटकून वागणारा, लांब पासचा फुटबॉल खेळवतो म्हणून शिव्या खाणारा. या दोन हॉटनांच्या मध्ये तीसेक वर्षं, तीन खंड आणि डझनभर संघ आहेत. भटक्या कोचांच्या कहाण्यांत देशांची यादी वाचायला गंमत वाटते. मला त्यापेक्षा कुतूहल आहे ते या माणसाने बरोबर काय नेलं आणि ते कुठे कुठे लागू पडलं नाही, याचं.

नेलं ते एक गणित. मैदानाची रुंदी साधारण ६८ मीटर, बॅक चार. प्रत्येकी १७ मीटर वाटून दिले तर मधून ट्रक जाईल. म्हणून झोनमध्ये, म्हणजे माणूस न धरता जागा राखायच्या बचावात, रुंदी वाटून घेत नाहीत, सोडून देतात. चेंडू आपल्या उजवीकडे असेल तर राइट बॅक चेंडूवर जातो. उजवा सेंटर बॅक त्याच्या मागे तिरका, सात-आठ मीटरवर. डावा सेंटर बॅक गोलच्या समोर मधोमध. आणि लेफ्ट बॅक आपली टचलाइन सोडून आत, दूरच्या खांबाच्या रेषेत. चौघं मिळून पस्तीसेक मीटर झाकतात, पलीकडचे तीस उघडे. तिथे समोरच्या संघाचा विंगर हात वर करून उभा असतो आणि प्रेक्षक ओरडत असतात, अरे तो बघा मोकळा! असू दे मोकळा. हवेतून चेंडू तिथवर पोचायला दोन ते अडीच सेकंद लागतात, तेवढ्यात अख्खी फळी सरकते. हा एक सौदा आहे आणि त्याला अट एकच. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याला मान वर करायची उसंत मिळता कामा नये.

उभ्या दिशेचं गणित त्याहून कडक. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात दहा मीटर. मधल्या फळीपासून पुढच्या दोघांपर्यंत आणखी दहा-पंधरा. म्हणजे गोलरक्षक सोडला तर सगळा संघ पंचवीसेक मीटरच्या पट्टीत. दहाच का? कारण फळ्यांच्या मधल्या फटीत कुणाला पास मिळाला तर त्याच्या पहिल्या स्पर्शाबरोबर पुढून एक आणि मागून एक असे दोघं त्याच्यावर पोचायला हवेत. दहा मीटरमध्ये ते जमतं. पंधरा झाले की त्याला वळायला वेळ मिळतो, आणि तो गोलकडे तोंड करून वळला की बचावफळीला मागे पळण्यावाचून गत्यंतर नाही. चेंडू मागे खेळला गेला की चौघांनी पाच पावलं वर यायचं. चेंडूवर दबाव नसेल तर अंग अर्धं वळवून मागे सरकायचं. सगळ्यात जास्त गोल इथेच खाल्ले जातात, तिघं वर आले आणि एक मागे राहिला म्हणून. त्या एकामुळे समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड होतो, आणि वर आलेले तिघं हात वर करून लाइन्समनकडे बघत बसतात.

हे शिकवायची पद्धत बघणाऱ्यालाही कंटाळा आणणारी आहे. आधी फक्त चार बॅक, समोर कुणी नाही. कोच चेंडू घेऊन डावीकडून उजवीकडे चालत जातो, चौघं सरकतात. तो थांबतो, ते थांबतात. मग कुणीतरी तीन मीटर चुकीच्या जागी आहे म्हणून पुन्हा. मग पुढे मधले चार येतात, आठ जण सरकतात. मग समोर विरोधी संघ उभा करतात, पण त्याने चालतच खेळायचं. त्यानंतर कुठे पूर्ण वेगाने अकरा विरुद्ध अकरा, आणि त्यातही शिट्टी वाजली की सगळे आहेत तिथे पुतळे. कोच मैदानात येतो, एकाला दंडाला धरून दोन पावलं डावीकडे नेतो. शिट्टी. पुन्हा. थंडीत घाम निवतो, उन्हात डोकं फिरतं. चेंडू पायाला लागत नाही आणि खेळाडू वैतागतात. पण याला जवळची वाट नाही, कारण सामन्यात विचार करून सरकायला वेळच नसतो. शेजारचा हलला की आपण हललो, इतकं ते अंगात मुरावं लागतं.

मुरायला वेळ लागतो. माल्मोत तो होता.

१९७४ साली हॉटन माल्मोला आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता, म्हणजे संघातले काही खेळाडू त्याच्याहून मोठे. स्वीडनमध्ये तेव्हा जर्मन धाटणीचा खेळ चाले, मागे एक लिबेरो, म्हणजे कुणालाही न धरणारा मोकळा बचावपटू, आणि पुढे माणसाला माणूस. हॉटनने लिबेरो काढून टाकला. पहिल्याच वर्षी लीग, नंतर १९७५ला, नंतर १९७७ला. त्याने क्रॉयडनच्या शाळेतला आपला सवंगडी रॉय हॉजसन याचं नाव हाल्मस्टाडला सुचवलं. हाल्मस्टाड १९७५ मध्ये गोलफरकावर कसाबसा वाचलेला संघ, १९७६ मध्ये तोच लीग जिंकला आणि १९७९ मध्ये पुन्हा. सहा वर्षांतली पाच विजेतेपदं या दोन पोरसवदा इंग्रजांची. स्वीडिश फुटबॉलमधल्या बुजुर्गांना हे पचलं नाही. यंत्रासारखा खेळ, खेळाडूची कल्पकता मारणारा, अशी टीका वर्षानुवर्षं चालली. टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. पण टीकाकारांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट म्हणजे तिथला हिवाळा. स्वीडनची लीग तेव्हा एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपायची. जानेवारीपासून तीन महिने नुसता सराव, लीगचा एकही सामना नाही. खेळाडू बहुतेक माल्मो आणि आसपासचेच, दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी मैदानावर येणारे, कुठे विकले न जाणारे. तीच चार माणसं तीच पाच पावलं वर्षानुवर्षं टाकत राहिली. १९७८-७९च्या युरोपियन कपमध्ये या संघाने मोनॅको आणि दिनामो कीव यांच्याविरुद्धच्या चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रिया व्हिएन्नाविरुद्धच्या दोन सामन्यांतही नाही.

आता म्युनिकचा गोल पुन्हा बघा. फ्रान्सिस मोकळा होता, पण तो मोकळा असणं ठरलेलंच होतं. अट मोडली ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, रॉबर्टसन दोघांच्या मधून निसटला तिथे. त्याला मान वर करायला वेळ मिळाला आणि त्या अर्ध्या सेकंदात अडीच सेकंदांचा सौदा बुडाला. माल्मोचा कर्णधार स्टाफान टापर पायाचं मोडलेलं बोट घेऊन उतरला होता आणि अर्ध्या तासानंतर बाहेर गेला होता. बू लार्सनसारखा मोठा खेळाडू दुखापतीमुळे आधीच नव्हता. दहा जणांच्या साखळीत एक कडी बदलली की इतर नवांना ते जाणवतं, चेंडूवर जाणाऱ्याच्या मागचा माणूस एक पाऊल उशिरा येतो. गोलचं कारण हेच होतं असा दावा मी करणार नाही. पण झोन मोडतो तो असाच. ज्याच्यासमोर गोल होतो त्याच्याकडे सगळे बघतात, आणि चूक चाळीस मीटर अलीकडे झालेली असते.

माल्मो सोडल्यावरची वर्षं भराभर सांगून टाकतो, कारण ती तशीच गेली. १९८०च्या शेवटी ब्रिस्टल सिटी, मदतीला हॉजसन. क्लब कर्जात बुडालेला, लागोपाठ तीन वर्षं एकेक पायरी खाली घसरत पहिल्या श्रेणीतून चौथीत गेलेला. १९८२च्या सुरुवातीला हॉटन बाहेर पडला आणि पाठोपाठ आठ खेळाडूंना क्लब वाचवण्यासाठी आपले करार फाडावे लागले. मग टोरंटो ब्लिझर्ड. तिथे रोबेर्तो बेतेगासारखा इटालियन मोहरा हाताशी होता, १९८३ आणि १९८४ असे दोन्ही अंतिम सामने गाठले, दोन्ही हरले, आणि त्यानंतर ती अमेरिकन लीगच बंद पडली. पुन्हा स्वीडन. मग १९९६ मध्ये अमेरिकेच्या नव्या लीगमधला कोलोराडो रॅपिड्स, पहिल्याच हंगामात तळाशी. १९९८-९९ मध्ये चीनचा राष्ट्रीय संघ, बँकॉकच्या एशियाडमध्ये ब्राँझ, आणि पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत कोरियाने अडवलेली वाट. २००४ मध्ये थोडक्या काळासाठी उझबेकिस्तान.

यादीत न दिसणारी गोष्ट मैदानाच्या पृष्ठभागाची. बचावफळी वर ठेवली की तिच्या आणि गोलरक्षकाच्या मध्ये तीसेक मीटर मोकळे राहतात. डोक्यावरून आलेला लांब चेंडू टणक मैदानावर टप्पा घेऊन थेट गोलरक्षकाकडे जातो, तो पुढे येऊन साफ करतो. टोरंटोच्या एक्झिबिशन स्टेडियमवर त्या काळचं कृत्रिम गवत होतं, खाली सगळं कडक, तिथे हे फावतं. पण पावसात भिजलेल्या, चिखल झालेल्या मैदानावर तोच चेंडू पडतो तिथेच रुततो. गोलरक्षकाला तो लांब, सेंटर बॅकला पाठीमागे, आणि समोरून धावत येणाऱ्या फॉरवर्डला अगदी सोयीचा. ऑगस्टमध्ये भारतात फुटबॉल खेळवणाऱ्या कोचला हे कुणी समजावून सांगायची गरज नसते.

नियमही बदलत गेले. १९७९ मध्ये बचावपटूच्या बरोबरीत उभा असलेला फॉरवर्ड ऑफसाइड धरला जायचा, १९९० पासून तो ऑनसाइड झाला. कागदावर हा फरक अर्ध्या पावलाचा. पण सापळा लावणाऱ्या चौघांसाठी तेच अर्धं पाऊल सगळं काही होतं. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायला बंदी आली, म्हणजे दबावाखाली मागे देऊन श्वास घ्यायची सोय गेली. २००५ मध्ये ऑफसाइड जागी नुसतं उभं राहणाऱ्याला सूट मिळाली, तेव्हा एक जण ऑफसाइड राहून लक्ष वेधणार आणि दुसरा मागून धावत येणार, हे सर्रास सुरू झालं. हॉटन भारतात आला तोवर त्याच्या गणितातल्या तीन गृहीतकांना धक्का बसला होता. गणित त्याने बदललं नाही, फक्त फळी थोडी खाली आणली.

भटक्या कोचांचा सम्राट मानतात तो बोरा मिलुटिनोविच. पाच वर्ल्ड कप, पाच वेगळे देश, मेक्सिको, कोस्टारिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन. चीनमध्ये तर तो हॉटननंतरच आला. बोराचं कसब निराळं. कोस्टारिकाचा संघ त्याच्याकडे १९९०च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर आला आणि त्या संघाने स्कॉटलंड आणि स्वीडन या दोघांना हरवून दुसरी फेरी गाठली. माणसं ओळखणं, ड्रेसिंग रूमचा नूर बदलणं, दोन-तीन जणांना धाडसाने खेळवणं किंवा वगळणं. ही शिदोरी घेऊन हिंडता येतं आणि ती आठ दिवसांत वापरता येते. हॉटनकडचं सामान असं नव्हतं. त्याला लागायची ती वर्षं, आणि राष्ट्रीय संघाच्या कोचला मिळतात सामन्याआधीचे तीन-चार दिवस. त्यातला एक विमानप्रवासात जातो, एक पाय मोकळे करण्यात.

म्हणून भारतातला हॉटन मला सगळ्यात रंजक वाटतो. माल्मोनंतर तो सर्वांत जास्त टिकला तो इथे, जवळपास पाच वर्षं. सुरुवात भीषण होती, २००६ मध्ये जेद्दाहला सौदी अरेबियाने ७-१ ने धुतलं. पुढच्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर नेहरू कपच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध १-०. गोल एन. पी. प्रदीपचा, जो तेव्हा आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळायचा. ऑक्टोबरात वर्ल्ड कप पात्रतेत लेबनॉनकडे ४-१ अशी हार आणि परतीच्या सामन्यात मडगावच्या फातोर्ड्यावर २-२. मग २००८ चा चॅलेंज कप. हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध क्लायमॅक्स लॉरेन्सने इंज्युरी टाइममध्ये गोल केला नसता तर सगळाच विचका होता. (या नावाच्या गोव्याच्या माणसाने शेवटच्या मिनिटाला गोल करावा, यावर पुरेसे विनोद होऊन गेले आहेत.) पावसाने तिथल्या मैदानाची दैना केली आणि अंतिम सामना दिल्लीला हलवावा लागला. तिथे ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, एक भायचुंग भुतियाचा. या एका कपामुळे १९८४ नंतर पहिल्यांदा, म्हणजे २७ वर्षांनी, भारत एशियन कपला गेला. २००९ मध्ये पुन्हा नेहरू कप, पुन्हा सीरिया, रेनेडी सिंगची जादा वेळेतली फ्री किक, अगदी शेवटी सीरियाची बरोबरी, आणि पेनल्टीत सुब्रत पाल.

या पाच वर्षांत त्याने महासंघाकडे हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा, शिबिराचा. गोव्यात शिबिर, पोर्तुगालमध्ये शिबिर, बार्सिलोनात, दुबईत. लोकांना वाटलं परदेश दौऱ्यांची हौस. मला वाटतं तो माल्मोचा हिवाळा विकत घेऊ पाहत होता. मणिपूरचे सुरकुमार आणि गौरमांगी, केरळचा प्रदीप, गोव्याचे महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, मुंबईचा स्टीव्हन डायस. प्रत्येकाच्या क्लबात वेगळी पद्धत, कुठे कोच माणसाला माणूस लावणारा, कुठे सगळं पुढच्या परदेशी स्ट्रायकरच्या भरवशावर. या सगळ्यांनी एका हाकेसरशी पाच पावलं वर यायचं तर तीन-चार दिवसांत ते होत नाही, महिने लागतात. एशियन कपच्या आधी तर संभाव्य खेळाडू कित्येक महिने क्लबपासून दूर ठेवले गेले. क्लब चिडले, आणि त्यांचंही चुकलं नाही. पगार त्यांचा, लीग त्यांची, आणि खेळाडू कोचच्या ताब्यात. शिवाय त्यातून आणखी एक तोटा झाला ज्याची चर्चा कमी झाली. शिबिरात सराव होतो, स्पर्धा होत नाही. स्वीडनच्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये लीग सुरू व्हायची, शिकलेलं दर आठवड्याला तपासलं जायचं. इथे लीग बाहेर चालू आणि खेळाडू आत.

त्याचा परिणाम एशियन कपसाठी दोहाला जायच्या आधीच दिसला. नोव्हेंबर २०१० मध्ये सरावाच्या सामन्यात कुवेतने ९ गोल घातले. जानेवारीत एशियन कप. ऑस्ट्रेलिया ४-०. बहारीनविरुद्ध आठव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला, नवव्या मिनिटाला गौरमांगीने बरोबरी केली, आणि मग सोळाव्या, एकोणिसाव्या, पस्तिसाव्या मिनिटाला एकाच माणसाने, इस्माइल अब्दुल्लतीफने, तीन गोल मारले. नंतर त्याने चौथाही मारला, ५-२. कोरियाविरुद्ध ४-१, त्यातला शेवटचा गोल १८ वर्षांच्या सोन ह्युंग-मिनचा, देशासाठी त्याचा पहिला. तीन सामने, १३ गोल. सुब्रत पाल नसता तर आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही.

त्या वेळी सूर असा होता की खेळाडूंची कुवतच तेवढी. हे अर्धंच खरं. दोन-अडीच सेकंदांचा तो सौदा समोरच्याच्या वेगावर ठरतो. आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आपल्या अव्वल लीगमध्ये, एका बाजूकडून दुसरीकडे चेंडू नेताना मधला खेळाडू दोन-तीन स्पर्श घेतो, मान वर करतो, मग पास देतो. तेवढ्यात फळी आरामात सरकते. कोरियाचा मधला खेळाडू एका स्पर्शात देतो आणि पासही जमिनीवरून जोरात येतो. सरकायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. चुका नव्या नसतात, त्याच असतात, फक्त लीगमध्ये त्यांची किंमत मोजावी लागत नाही. आणि पुढच्या दोघांकडून चेंडूवर जो दबाव यायला हवा तो विसाव्या मिनिटाला ओसरला की मागच्या चौघांनी काहीही केलं तरी ते कुठेतरी उघडे पडतातच. भायचुंग दुखापतीमुळे कोरियाच्या सामन्यात शेवटी थोडा वेळ उतरू शकला. पुढून दाबायचं काम एकट्या छेत्रीने किती करायचं?

हॉटनवरचा सगळ्यात मोठा आरोप होता तो त्याच त्या माणसांना धरून बसण्याचा. भायचुंग ३४ वर्षांचा, लॉरेन्स, गवळी तिशी ओलांडलेले, नव्यांना जागा नाही. भावनिक गुंतवणूक, हट्ट, लाडके खेळाडू, असं बरंच बोललं गेलं. मला त्यात लाडापेक्षा नाइलाज दिसतो. ज्याच्या अंगात ते सरकणं चार वर्षांत मुरलं आहे त्याला काढून फॉर्मात असलेला नवा खेळाडू घातला तर दहांच्या साखळीत एक अनोळखी माणूस येतो. माणसाला माणूस लावणाऱ्या संघात खेळाडू बदलणं सोपं, त्याला एक नाव सांगायचं आणि सोडायचं. झोनमध्ये बदललेला प्रत्येक खेळाडू म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यामुळे संघ म्हातारा होत गेला आणि एका दमात संपला. त्याला हे कळत होतं असं मला वाटतं, कारण २०१० मध्ये एकवीस वर्षांखालच्या मुलांचा एक संघ थेट आय-लीगमध्ये उतरवायची कल्पना त्याचीच. पुढे इंडियन ॲरोज म्हणून तो ओळखला गेला. एकच तरुण संघ, वर्षभर एकत्र, दर आठवड्याला खरा सामना. स्वीडनमध्ये जे आपसूक मिळालं ते इथे मुद्दाम उभं करायची धडपड होती ती. एप्रिल २०११ मध्ये वादावादीनंतर तो गेला, आणि त्या रोपाला पाणी घालायला तो राहिला नाही.

त्याच्या जागी तात्पुरता आला आर्मांदो कुलासो. कोचांच्या जातीत हॉटनच्या अगदी उलट माणूस. कुठेही न गेलेला. २००० पासून गोव्याचा धेंपो क्लब, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी, सगळं पणजीत बसून. गवळी, नाईक, लॉरेन्स, मिरांडा हे त्याच्याकडे वर्षानुवर्षं होते. शिबिराची भीक मागायची वेळ त्याच्यावर आली नाही, कारण सोमवार ते शनिवार ती माणसं त्याचीच होती. पण राष्ट्रीय संघाबरोबर त्यालाही तोच अनुभव आला. जुलै २०११ मध्ये अमिरातीकडे सामना सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच दोन लाल कार्डं आणि दोन पेनल्टी, ३-०. दिल्लीतला परतीचा सामना २-२. संपलं. पुढे सावियो मदैरा आला, त्याने त्याच वर्षी सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा कप, जिंकून दिला. वर्षानुवर्षं एका जागी बसून मिळवलेलं कौशल्यही दहा दिवसांच्या शिबिरात उघडून बघता येत नाही, हे मला कुलासोच्या त्या दोन सामन्यांतून जास्त स्पष्ट दिसलं. भटक्याचं जसं अडलं तसंच घरबशाचं.

हॉटनचा शाळासोबती हॉजसन मात्र तेच गणित घेऊन स्वित्झर्लंडला १९९४च्या वर्ल्ड कपला घेऊन गेला, म्हणजे १९६६ नंतर पहिल्यांदा. पुढे इंटर मिलान, फिनलंड, फुलहॅम, थेट इंग्लंड. दोघांत गुणवत्तेचा एवढा फरक होता का? मला तसं दिसत नाही. हॉजसनला, मला वाटतं, बऱ्यापैकी तयार खेळाडू मिळाले, त्याला फक्त जुळवायचं होतं. हॉटनला चीनमध्ये, ताश्कंदला, भारतात दर वेळी पाटी कोरी करून पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली. दुभाषामार्फत, आणि कधीही हकालपट्टी होईल अशा करारावर.

त्याच्या भारतीय संघातली बरीच माणसं आता स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभी असतात. गवळी राष्ट्रीय संघाच्या मदतनीस कोचांत होता. स्टीव्हन डायस जमशेदपूरला खालिद जमीलच्या हाताखाली राहिला. क्लिफर्ड मिरांडाकडे मार्च २०२३ मध्ये ओडिशाचा संघ आला, तोही तात्पुरता, आधीचा कोच गेला म्हणून. महिना-दीड महिन्याने, २५ एप्रिलला, कोळिकोडला सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी बंगळुरूला २-१ ने हरवलं, ओडिशाचा पहिला मोठा कप. एकीकडे हॉटनचा राष्ट्रीय संघ, दुसरीकडे कुलासोचा धेंपो, अशा दोन सबुरीच्या शाळांत डावा विंगर म्हणून वर्षानुवर्षं घासलेला हा मुलगा, आणि कोच म्हणून त्याचा पहिला मोठा कप आला तो बोरासारखा, आठवड्यांच्या बोलीवर.